लेस्टर यंग : नाचणाऱ्या पावलांनी घडवलेला सॅक्सोफोन

जॅझ हा शब्द निघाला की आपल्या मराठी माणसाच्या चेहऱ्यावर दोनपैकी एक भाव उमटतो. एक, 'ते आपल्याला काही कळत नाही बुवा.' दुसरा, 'म्हणजे ते हॉटेलात वाजवतात तेच ना?' वास्तविक गोव्यात राहणाऱ्याला सॅक्सोफोन हे वाद्य परकं वाटायचं कारण नाही. फेस्ताच्या मिरवणुकीत ते असतं, तियात्रात असतं, ख्रिस्ती शेजाऱ्याच्या लग्नात तर ते असतंच असतं. पण वाद्य ओळखीचं असलं तरी त्यामागची माणसं ओळखीची असतात असं नाही.

मी स्वतः कुठलंही वाद्य वाजवत नाही. दिवसभर सरकारी कचेरीत फायली हलवायच्या आणि रात्री जेवण झालं की तासभर काहीतरी ऐकायचं, एवढाच माझा संगीताशी संबंध. नाट्यगीतं ऐकता ऐकता मी जॅझकडे कसा वळलो ती कथा पुन्हा कधीतरी. आज लिहायचं आहे ते लेस्टर यंग या अमेरिकन सॅक्सोफोनवादकाबद्दल. त्याची कहाणी मी जसजशी वाचत गेलो तसतसा माझा एक समज ढिला होत गेला. जॅझ म्हणजे अंधाऱ्या खोलीत, टेबलापाशी बसून, डोळे मिटून ऐकायचं संगीत असं आपण सिनेमांतून पाहिलेलं असतं. लेस्टरचं संगीत असं घडलं नाही. ते नाचणाऱ्यांसमोर घडलं, आणि नाच थांबला तेव्हा त्या संगीताचंही काहीतरी हरवलं.

लेस्टरचा जन्म २७ ऑगस्ट १९०९ चा, मिसिसिपी राज्यातल्या वुडव्हिल या गावचा. बालपण गेलं न्यू ऑर्लिन्सच्या पलीकडच्या तीरावरच्या अल्जियर्स भागात. जॅझचं हे माहेरघर. रस्त्यावरून पितळी वाद्यांचा बँड निघाला की हा पोरगा मागोमाग धावायचा, जाहिरातींची पत्रकं वाटायचा. वडील विलिस यंग हे संगीतशिक्षक. बँडमधलं जवळजवळ प्रत्येक वाद्य त्यांना शिकवता यायचं आणि त्यांनी घरातल्या सगळ्यांना कामाला लावलं होतं. लेस्टर, धाकटा भाऊ ली, बहीण इर्मा अशी सगळी भावंडं वडिलांच्या बँडमध्ये. हा बँड जत्रांमधून, तंबूतल्या खेळांमधून गावोगाव हिंडायचा. वाजवणं, गाणं, नाचणं हे तिथं वेगवेगळे विषय नव्हतेच. आपल्याकडच्या जुन्या नाटक मंडळीचं बिऱ्हाड डोळ्यांसमोर आणा, म्हणजे अंदाज येईल.

लेस्टर आधी ड्रम वाजवायचा. तो सुटला कसा, याचं कारण त्यानं स्वतःच मिस्कीलपणे सांगून ठेवलं आहे. कार्यक्रम संपला की समोर सुंदर मुली दिसायच्या. पण ड्रमचा सगळा पसारा आवरून पेटीत भरेपर्यंत त्या निघून गेलेल्या असायच्या. बाकीचे वादक आपापली पेटी बंद करून केव्हाच मोकळे! म्हणून तेराव्या वर्षाच्या सुमाराला त्यानं ड्रम सोडून ऑल्टो सॅक्सोफोन धरला. थोर कलावंतांच्या चरित्रात आपण दैवी साक्षात्कार शोधत बसतो. इथे मात्र सामान आवरायचा कंटाळा!

पण पुढची गोष्ट इतकी हलकीफुलकी नाही. लेस्टरला स्वरलिपी वाचता येत नव्हती. शेजारचा काय वाजवतो ते कानानं टिपायचं आणि आपण वाजवायचं, असं त्याचं चाललं होतं. एक दिवस वडिलांनी ते ओळखलं. कागदावरचं वाजवून दाखव म्हणाले. पोराला येईना. तेव्हा वडिलांनी त्याला सरळ बँडमधून बाहेर काढलं आणि वाचायला शिकून ये म्हणून सांगितलं. लेस्टर शिकला आणि परत आला. पण तो अपमान त्याला आयुष्यभर लक्षात राहिला. म्हातारपण त्याच्या वाट्याला आलंच नाही, पण अखेरच्या मुलाखतीतही त्यानं ही आठवण सांगितली आहे.

इथे मला आपले गोंयकार वादक आठवल्याशिवाय राहत नाहीत. पोर्तुगीज अमदानीत चर्चला जोडलेल्या शाळांतून 'मेस्त' मुलांना सोल्फेजो शिकवायचे, हातात व्हायोलिन द्यायचे. त्यामुळे गोव्याचा वादक मुंबईला किंवा कलकत्त्याला गेला की समोर ठेवलेला कागद धडाधड वाचायचा. हॉटेलांतले बँड आणि पुढे हिंदी सिनेमांतले वाद्यवृंद त्यांच्याशिवाय उभे राहिले नसते. १९३५ साली लिऑन अ‍ॅबी यांचा कृष्णवर्णीय अमेरिकन बँड मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. त्याच सुमारास आलेल्या पियानोवादक टेडी वेदरफर्डनं तर पुढची वर्षं बरीचशी हिंदुस्थानातच काढली. आपल्या लोकांनी अस्सल स्विंग जवळून ऐकला तो अशा माणसांकडून. हळदोण्याचे आंतोनियो शावियेर वाझ, म्हणजे 'चिक चॉकलेट', याच परंपरेतले. सी. रामचंद्रांच्या संगीतात जो स्विंग खेळतो त्यात त्यांचा हात आहे. म्हणजे बघा, आपल्या वादकांना कागद आधी आला आणि कागद सोडून वाजवणं नंतर शिकावं लागलं. लेस्टरचा प्रवास नेमका उलट्या दिशेनं झाला. वाचायला शिकूनही तो शेवटपर्यंत कानाचाच माणूस राहिला.

असो. वडिलांशी शेवटचं बिनसलं ते १९२७-२८ च्या सुमारास. बँड पुन्हा दक्षिणेच्या दौऱ्यावर निघणार होता. दक्षिणेत काळ्या माणसाला कशी वागणूक मिळते हे लेस्टरनं पाहिलेलं होतं. तो म्हणाला, मी येणार नाही. अठरा वर्षांचा मुलगा घरचा बँड सोडून बाहेर पडला.

तो गेला कॅन्सस राज्यातल्या सलायना गावी, आर्ट ब्रॉन्सन याच्या बँडमध्ये. तिथे तो ऑल्टोच वाजवत होता. टेनर सॅक्सोफोन वाजवणारा गडी मात्र खात्यापित्या घरचा, नट्टापट्टा आवरण्यात वेळ घालवणारा. कार्यक्रमाला निघायची वेळ झाली तरी हे महाशय आरशापुढे! सगळा बँड त्याच्या दारात ताटकळत उभा. अखेर लेस्टर मालकाला म्हणाला, मला एक टेनर घेऊन द्या, मीच वाजवतो. अशा रीतीनं जॅझमधल्या एका महान टेनरवादकाला त्याचं वाद्य मिळालं.

टेनर सॅक्सोफोन म्हणजे तेव्हा कोलमन हॉकिन्स. भरदार, घुमणारा, सभागृह दणाणून सोडणारा आवाज. लेस्टरच्या कानात मात्र वेगळाच आवाज होता. फ्रँकी ट्रम्बावर नावाचा एक गोरा वादक सी-मेलडी सॅक्सोफोन वाजवायचा. हे वाद्य ऑल्टो आणि टेनर यांच्या मधलं. त्याचा आवाज हलका, कोरडा, गोष्ट सांगितल्यासारखा. लेस्टर त्याची रेकॉर्ड जवळ बाळगायचा आणि तो हलकेपणा टेनरवर आणायची धडपड करायचा. १९३४ साली हॉकिन्स युरोपला गेला तेव्हा फ्लेचर हेंडरसनच्या नामांकित बँडमध्ये लेस्टरला बोलावणं आलं. वादकांना त्याचा आवाज रुचेना. हेंडरसनची पत्नी तर त्याला सकाळी सकाळी हॉकिन्सच्या रेकॉर्ड ऐकवायची. असं वाजव रे बाबा! लेस्टरनं सगळं निमूटपणे ऐकून घेतलं. पण वाजवायचं आपल्याच पद्धतीनं. थोड्याच महिन्यांत तो तिथून बाहेर पडला आणि निघताना हेंडरसनकडून एक पत्र लिहून घेतलं, की याला काढून टाकलेलं नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर सेवादाखला घेऊनच निघाला!

तो परतला कॅन्सस सिटीला. हे शहर तेव्हा टॉम पेंडरगास्ट नावाच्या पुढाऱ्याच्या मुठीत होतं. सगळ्या देशात दारूबंदी असतानाही इथले क्लब रात्रभर उघडे असायचे. नैतिकदृष्ट्या वाईट, पण वादकांच्या पोटापाण्याच्या दृष्टीनं फार चांगलं. मंदीच्या त्या काळातही इथे वादकाला काम मिळायचं. आणि हे काम मुख्यतः नाचाचं होतं. लोक पैसे मोजायचे ते नाचायला. बँड कितीही विद्वान असला तरी माणसं जागची उठली नाहीत तर पुढच्या आठवड्यात दुसरा बँड.

या कसोटीतून काऊंट बेसीचा बँड तयार झाला आणि १९३६ मध्ये लेस्टर त्यात स्थिरावला. या बँडनं तालाचं काय केलं ते थोडं समजून घेऊ. जॅझची साधी चाल चार मात्रांची. पूर्वीच्या पद्धतीत बहुधा पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर जोर यायचा, त्यामुळे चाल थोडी उड्या मारत गेल्यासारखी वाटायची. बेसीच्या बँडमधला वॉल्टर पेज आपल्या उंच डबल बासवर चारही मात्रा सारख्या वजनानं चालत न्यायचा. जो जोन्स या ड्रमवाल्यानं मोठ्या ढोलावरचा धपका कमी केला आणि ताल हाय-हॅटवर नेला. हाय-हॅट म्हणजे पायानं उघडझाप करायच्या झांजांची जोडी. पुढे फ्रेडी ग्रीनची गिटार त्यात मिसळली. बेसी स्वतः पियानोवर मोजकेच स्वर टाकायचा. मात्रेचे दोन भाग केले तर ते अगदी समान नाहीत; पहिला किंचित लांब, दुसरा आखूड. चांगल्या तबलजीच्या दादऱ्यात जी झुलण्याची भावना असते, तिच्या जवळपासची ही गोष्ट. स्विंग या शब्दाचा अर्थच मुळी झुलणं. आता जोर सगळीकडे सारखा असल्यामुळे ताल जमिनीवर आपटत नाही, जमिनीवरून सरकत जातो.

नेमकं असंच सरकणं त्या काळच्या नाचातही आलं होतं. हार्लेम ही न्यूयॉर्कमधली काळ्यांची वस्ती. तिथे १२ मार्च १९२६ रोजी सेव्हॉय बॉलरूम उघडली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रस्त्याचा अख्खा ठोकळा व्यापणारी, दोन बँडसाठी दोन मंच असलेली. एक बँड थांबला की दुसरा सुरू, नाचात खंड नाही. मुख्य म्हणजे इथे काळे आणि गोरे एकाच लाकडी फरशीवर नाचायचे. त्या काळच्या अमेरिकेत ही साधी गोष्ट नव्हती. इथे 'लिंडी हॉप' बहरला. १९२७ मध्ये चार्ल्स लिंडबर्गनं एकट्यानं विमानातून अटलांटिक ओलांडला, त्यावरून हे नाव पडलं असं सांगतात. गुडघे सैल, अंग जमिनीकडे झुकलेलं, जोडीदाराला दूर भिरकावायचं आणि पुन्हा जवळ ओढायचं. दूर गेल्यावर ज्याला जे सुचेल ते त्यानं करावं, आठ मात्रांनी परत यावं. म्हणजे बँडमधल्या एकल वादनाचीच ही तऱ्हा! वादकही आवर्तनात मनसोक्त भटकतो आणि समेवर येतो. १९३५ साली फ्रँकी मॅनिंग नावाच्या तरुणानं तिथल्या एका स्पर्धेत जोडीदारणीला पाठीवरून उचलून पलीकडे उतरवलं आणि लिंडी हॉप हवेत गेला.

या सगळ्याला जोडणारी एक रात्र आहे, १६ जानेवारी १९३८ ची. त्या संध्याकाळी न्यूयॉर्कच्या प्रतिष्ठित कार्नेगी हॉलमध्ये बेनी गुडमनची ती गाजलेली जॅझ मैफल झाली. तिकीट काढून, खुर्च्यांत बसून ऐकायची मैफल. बेसी, लेस्टर आणि त्यांचे काही सोबती तिथे पाहुणे म्हणून वाजवून गेले. आणि तिथून थेट सेव्हॉयला! कारण त्याच रात्री तिथे बेसीचा बँड आणि सेव्हॉयचा घरचा राजा चिक वेब यांचा सामना होता. वेबकडे एला फिट्झजेराल्ड, बेसीकडे बिली हॉलिडे. कोण जिंकलं यावर अजून वाद चालतो. मला त्या वादात रस नाही. मला रस आहे तो एकाच रात्री, तोच सॅक्सोफोन घेऊन, बसलेल्या श्रोत्यांपुढून नाचणाऱ्यांपुढे गेलेल्या लेस्टरमध्ये. जॅझच्या पुढच्या इतिहासाची दोन्ही दारं त्या रात्री उघडी होती.

लेस्टरला यातलं कुठलं दार प्रिय होतं? १९५० च्या दशकातल्या एका मुलाखतीत त्यानं सांगितलं आहे की नाचासाठी वाजवायला त्याला मजा येते, कारण त्याला स्वतःलाही नाचायला आवडतं. नाचणाऱ्यांची लय वाजवणाऱ्याकडे परत येते, असं त्याचं म्हणणं. हे वाचलं आणि मला सासष्टीतलं एका सहकाऱ्याचं लग्न आठवलं. बँडमधला म्हातारा सॅक्सोफोनवाला कागदाकडे क्वचितच बघत होता. त्याची नजर नाचणाऱ्यांच्या पायांवर. आजीबाई नातवाबरोबर उतरल्या की चाल संथ, पोरं घुसली की चाल चढती. कोणी त्याला खूण केली नाही, त्यानं कोणाला विचारलं नाही. लेस्टर म्हणतो ते हेच असणार.

त्याची दुसरी एक सवय आपल्या लोकांना पटेल. एखादं गाणं वाजवायचं तर आधी त्याचे शब्द माहीत हवेत, असा त्याचा आग्रह असे. शब्द ठाऊक नसलेला वादक गाण्याचा भाव कसा वाजवणार? बिली हॉलिडेबरोबर १९३७ पासून त्यानं केलेल्या ध्वनिमुद्रणांत हे ऐकू येतं. ती गाते आणि हा मागून, मधल्या जागांत, हळूच बोलतो. काही काळ तो तिच्या आणि तिच्या आईच्या घरी राहायचाही. त्यानं तिला 'लेडी डे' म्हटलं. तिनं त्याला 'प्रेझ', म्हणजे प्रेसिडेंट. दोन्ही नावं कायमची चिकटली.

मग फरशी रिकामी कशी झाली? एका कारणानं नाही. युद्धात तरुण सैन्यात गेले. प्रवासावर निर्बंध आले, मोठे बँड पोसणं परवडेना. १९४२ मध्ये वादकांच्या संघटनेनं ध्वनिमुद्रणावर बहिष्कार घातला. १९४३ मध्ये सेव्हॉयलाच काही महिने टाळं ठोकलं गेलं. अधिकाऱ्यांनी अनीतीचं कारण दिलं, पण काळे-गोरे एकत्र नाचतात हेच खरं दुखणं असं हार्लेमच्या लोकांचं मत होतं. आणि १९४४ मध्ये आला कर. ज्या जागी गाणं किंवा नाच होतो तिथल्या बिलावर ३० टक्के केंद्रीय कर! काही महिन्यांत तो २० टक्क्यांवर आणला, तरी तो राहिलाच. नुसतं वाद्यसंगीत असेल, नाच-गाणं नसेल, तर कर नाही. मालकांनी काय केलं असेल ते सांगायला नकोच. नाचाची जागा बंद, तिथे टेबलं. मी कचेरीतला माणूस असल्यामुळे मला याचं विशेष वाटतं. एखाद्या परिपत्रकातली एक ओळ कोणाच्या पायाखालची फरशी काढून घेते, हे लिहिणाऱ्याच्या ध्यानीमनीही नसतं. पुढे १९६५ मध्ये हा कर उठला, पण तोवर नाचणारी पिढी घरी बसली होती. दरम्यान बीबॉप नावाची वेगवान, गुंतागुंतीची नवी शैली आली. तीही थोर, पण ती मुख्यतः बसून ऐकायची.

लेस्टरचं स्वतःचं नशीब तर त्याहून वाईट. १९४४ मध्ये 'जॅमिन द ब्लूज' या छोट्याशा सुंदर चित्रपटात तो दिसतो. डोक्यावर ती चपटी गोल टोपी, सॅक्सोफोन तिरका, समोर नाचणारी जोडी. त्याच वर्षी त्याला सैन्यात भरती केलं गेलं. ज्या दक्षिणेला जायचं नाही म्हणून घर सोडलं, त्याच दक्षिणेतल्या अलाबामातली छावणी वाट्याला आली. त्याच्याकडे गांजा आणि गोळ्या सापडल्या. १९४५ मध्ये लष्करी खटला, एक वर्षाची कैद, सन्मानरहित बडतर्फी. त्याच्या सामानात गोऱ्या पत्नीचा फोटो दिसला आणि अधिकाऱ्याचा पारा चढला, असंही सांगितलं जातं. वर्षाअखेरीस तो सुटून आला आणि त्यानं सुंदर वाजवलंही. पण तो आतून खचला होता. दारू वाढत गेली.

पुढच्या काळात त्याच्या हलक्या आवाजाचे वारस गाजले, स्टॅन गेट्झसारखे. लेस्टर स्वतः बहुतेक वेळा बसलेल्या श्रोत्यांपुढे वाजवत राहिला. १९५८ मध्ये सेव्हॉय बंद झाली आणि पुढे इमारत पाडून तिथे घरं बांधली गेली. १५ मार्च १९५९ रोजी पॅरिसहून परतल्यावर लेस्टर न्यूयॉर्कच्या अल्विन हॉटेलात वारला. वय अवघं ४९. चार महिन्यांनी बिली हॉलिडेही गेली.

पण कथा इथे संपवली तर ती अपुरी राहील. तो हवेत उडवणारा फ्रँकी मॅनिंग आठवतो ना? नाचाला मागणी उरली नाही तेव्हा १९५० च्या दशकात त्यानं टपाल खात्यात नोकरी धरली आणि तीसेक वर्षं ती इमानानं केली. शेजारच्या टेबलावरच्यांना तरी ठाऊक असेल का, की हा माणूस कोण होता? १९८६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या दोन तरुण नर्तकांनी त्याला शोधून काढलं आणि शिकवायची गळ घातली. वयाच्या सत्तरीत तो पुन्हा फरशीवर उतरला. जगभर शिकवत हिंडला आणि २००९ मध्ये वारला. आज २६ मे हा त्याचा जन्मदिवस लिंडी हॉपचा दिवस म्हणून अनेक देशांत साजरा होतो. त्या रात्री तरुण पोरं ज्या रेकॉर्डवर नाचतात त्यांत बेसीच्या बँडच्या रेकॉर्ड असतात, आणि अर्थातच त्यांतला लेस्टर. सरकारी नोकरीत निवृत्तीकडे डोळे लावून बसलेल्यांना हे उदाहरण मी मुद्दाम सांगतो.

ज्यांना ऐकायचं असेल त्यांनी लेस्टरचं १९३६ चं 'शू शाइन बॉय' यूट्यूबवर शोधावं. अवघी तीन मिनिटं. पहिल्यांदा बसून ऐका. मग खुर्ची बाजूला सारून, घरात कोणी बघत नसेल तर, उभं राहून ऐका. दोन्ही वेळा काय वेगळं ऐकू आलं ते मला जरूर कळवा.